गळ्याकडे बघणारी आत्या

१९९६ साल. मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोलताना तोंडाकडं न बघता गळ्याकडं बघत होतं. मला वाटलं, सदऱ्यावर चहा सांडला असेल. हात फिरवून बघितला. काही नव्हतं. ती बाई म्हणाली, "मिस्तरी, घरून भांडून आलात. गळ्याची गाठ अजून वर-खाली होतीय तुमच्या."

मी सुनेशी भांडूनच बाहेर पडलो होतो. पण हे तिला सांगायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "काम काय ते बोला."

सगळा नाशिक रोड तिला आत्या म्हणायचा. वयानं ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मीही आत्याच म्हणायला लागलो. सायखेड्याची बस जिथं थांबते तिथं तिची टपरी होती. काम दागिने गाठवण्याचं. कुणाची पोत तुटली, कुणाचं डोरलं सैल झालं, कुणाला बाळाचा करदोरा हवा, की आत्याकडं यायचं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून, दुसरं दातात धरून ती ओवत बसायची. गाठ मारताना एक शब्द बोलायची नाही. समोर उभं राहून कुणी बडबडलं तर हात थांबवून त्याच्या गळ्याकडं बघत राहायची, तो गप्प होईपर्यंत. "गाठीत बोलणं अडकून राहतं," म्हणायची. "मंग ते घालणारीच्या गळ्याशी जातं."

टपरीत तिच्या मागं एक लाकडी गळा होता. नुसता गळा. खांद्यापासून हनुवटीपर्यंत, वर डोकं नाही, बाजूला हात नाहीत. सोनारांच्या दुकानात असतात तसा मखमलीचा नव्हे. सागाचा, आणि तेल लावून लावून माणसाच्या कातडीसारखा गुळगुळीत झालेला. फार बारीक गळा होता. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा असावा इतका. त्याचं तोंड, म्हणजे तोंड जिथं असायला हवं ती बाजू, रस्त्याकडं होती. कडेवर मूल असलेल्या बाया टपरीसमोर आल्या की पदर मुलाच्या तोंडावर घ्यायच्या. मी असलं काही मानत नाही. मी एकतीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर काढलेली आहेत. तिसरी शिकलो, पण केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळतो. लाकूड ते लाकूड. तरी उभं राहताना मी जरा बाजूला उभा राहायचो, हे खरं आहे.

तिला माझ्याकडून मणी करून हवा होता. निवृत्त झाल्यावर मी एक जुना लेथ घेऊन घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसवला होता, ते तिला कळलेलं.

"हरभऱ्याएवढा पितळी मणी. आत नळी, नळीवर मणी फिरला पाहिजे. एका अंगाला कोरा, दुसऱ्या अंगाला ठिपका. जसा फिरवला तसा राहिला पाहिजे. आपल्या आपण फिरता कामा नये."

"कशाला?"

"पोरींसाठी. सायखेड्याकडून शाळेला येतात, क्लासला जातात. एखादी भ्याली, आन् ज्याला भ्याली तो शेजारीच असला, तं ती बोलंल कशी? मणी फिरवायचा. ठिपका बाहेर आला म्हंजे मला एकटीला सोडू नका."

मी हसलो. म्हणालो, "पोरीनं ओरडावं. मी शिट्टी करून देतो पितळेची. स्टेशनापर्यंत ऐकू जाईल."

"ओरडायला तोंड लागतं मिस्तरी. ते तं पहिलं दाबतात."

मी हट्टानं शिट्टी केलीच. सुरेख केली होती. तिनं ती घेतली, माझ्या कामाचं कौतुक केलं, खिळ्याला टांगली आणि पुन्हा कधी खाली काढली नाही.

मण्याचा विचार तिनं किती दिवस केला होता ते मला हळूहळू कळलं. आधी तिनं रिबिनीवर करून बघितलं होतं. पण रिबीन डोक्यामागं, पोरीला आपली आपल्याला दिसत नाही. मग बांगडी. तर बांगडी वाजते, आणि आत्या म्हणायची, "हात कुणी धरून ठेवला तं फिरवायची कशानं?" शेवटी ती गळ्यावर आली. शाळेत माळ घालू देत नाहीत, पण नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा कुठल्याही बाई काढायला लावत नाहीत. बापही नाही, भाऊही नाही. "बघणाऱ्याला वाटतं, आईचा खुळेपणा हाय. वाटू दे," ती म्हणायची. "आन् गळ्याशी पोरींचा हात जातोच. त्याच्यात कुणाला काय नवल?"

पहिला मणी मी घेऊन गेलो तेव्हा तिनं अंगठा पाण्यात बुडवला आणि ओल्या अंगठ्यानं मणी फिरवून बघितला. सटकला. तिनं परत दिला. मी चिडलो. म्हणालो, कोरड्या बोटानं लोण्यासारखा फिरतो. ती म्हणाली, "भ्यालेल्या पोरीचं बोट कोरडं नसतं." घरी येऊन मी मण्याला बारीक खाचा मारल्या. मग ठिपका. आधी लाखेचा लाल केला होता, तो संध्याकाळी काळ्या दोऱ्यावर दिसेना. तिनं नदीतले शिंपले फोडून त्याचे पांढरे तुकडे आणले, ते मी मण्यात बसवले. पितळेत पांढरा शिंपला, बरोबर डोळ्यासारखा दिसायला लागला. मणी फिरवला की तो डोळा उघडायचा. ती तसंच म्हणायची, डोळा उघडला, डोळा मिटला.

एक अट तिनं घातली होती आणि तिचं कारण सांगितलं नव्हतं. मणी एकटा करायचा नाही. एकाच सळईतून दोन काढायचे, जोडीनं. एक पोरीच्या गळ्यात जायचा. दुसरा त्याच दोऱ्याच्या तुकड्यात ओवून ती लाकडी गळ्यावर चढवायची. ती काही लिहीत नव्हती. सायखेड्याच्या पोरींची गाठ डावीकडं, नाशिक रोडच्या उजवीकडं, एवढीच तिची वही; कुठला दोरा कुणाचा ते तिच्या ध्यानात असायचं. वर्षभरात त्या लाकडी गळ्यावर काळ्या दोऱ्यांची जाड वळी झाली. सगळे डोळे मिटलेले.

बघणारी माणसंही तिनंच तयार केली. थांब्यावर फुलं विकणाऱ्या सहा बाया, भाजीवाली, सायखेड्याच्या बसचा कंडक्टर. कुणाला काय बघायचं आणि बघितल्यावर काय करायचं हे ती पुन्हापुन्हा विचारायची. करायचं एवढंच, की पोरीजवळ जाऊन उभं राहायचं आणि हलायचं नाही. मला म्हणाली, "मिस्तरी, तुमचं घर जवळ हाय. तुम्हीबी बघणाऱ्यात या."

मी म्हणालो, "मी कारागीर आहे. बायकांच्या गळ्याकडं बघत बसायचं काम मला सांगू नका."

ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली आणि पुन्हा ओवायला लागली.

माझी नात वैशाली तेव्हा चौदा वर्षांची. आम्ही वैशू म्हणायचो. आबाच्या हातचा मणी म्हणून ती तो दोरा मोठ्या तोऱ्यात मिरवायची. मुलगा सातपूरला पाळीत, सून दुपारी मंडईत, त्यामुळं शाळेतून आली की घरात ती आणि मी. तिला इंग्रजी शिकवायला मी एक साहेब गाठला होता. माझ्या जुन्या कारखान्यातला सुपरवायझर. तो निवृत्त होऊन जवळच राहायला आला होता. वैशू त्याच्या घरी जायची, तिथं त्याची बायको असायची. कधी तोच माझ्याकडं चहाला यायचा. मला केवढा अभिमान त्याचा! ज्याच्या समोर मी एकतीस वर्षं उभा राहिलो, तो माझ्या घरी माझ्या खाटेवर बसून माझ्या बशीतून चहा पितो. मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं "या साहेब" म्हणायचो.

त्याच आठवड्यात आत्यानं माझे तीन मणी परत केले होते. सैल आहेत, आपोआप फिरतात म्हणून. ते मला फार लागलं होतं. त्या पहिल्या मण्याखेरीज आतापर्यंत माझं काम कुणी परत केलं नव्हतं.

तर त्या दुपारी साहेब आले. चहा झाला. म्हणाले, "आज वैशालीला मीच स्कूटरवर घेऊन जातो. धडा मोठा आहे."

वैशू दारात उभी होती. म्हणाली, "आबा, आज नको. डोकं दुखतंय."

"डोकं काय दुखतंय? साहेब स्वतः न्यायला आलेत."

तिनं गळ्याशी हात नेला आणि खाली आणला. माझं लक्ष गेलं. पितळेतून पांढरा डोळा माझ्याकडं बघत होता.

आता कुणीही म्हणेल, तू स्वतः तो मणी केलास, तुला त्याचा अर्थ माहीत होता. होता. पण घर माझं, समोर मी बसलेला, आणि पाहुणा साहेब. इथं भिण्यासारखं काय आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या डोक्यात एकच आलं : चौथा मणी सैल निघाला. आणि तो साहेबासमोर. मी उठलो, फळीवरची पक्कड घेतली, "इकडं ये" म्हणून तिला जवळ ओढलं, मणी फिरवून डोळा आत केला आणि नळीची दोन्ही टोकं दाबून टाकली.

"आता जन्मात फिरणार नाही," मी म्हणालो.

साहेब हसले. म्हणाले, "हाताला अजून जोर आहे मिस्तरी."

वैशू माझ्याकडं बघत होती. अगदी शांत. ती स्कूटरवर बसली आणि ते गेले. मी बश्या विसळून ठेवल्या.

पुढचं मी बघितलं नाही. फुलवाल्या बायांकडून ऐकलं आहे, प्रत्येकीकडून वेगवेगळं, पण मधलं सगळ्यांचं सारखंच आहे. स्कूटर थांब्याजवळ यायच्या आधीच आत्या काम टाकून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती. दातात दोरा, हातात सुई. साहेबांना ब्रेक मारावा लागला.

ती म्हणाली, "साहेब, पोरीचा दोरा सैल झालाय. गाठ मारून देते. तुम्ही व्हा पुढं."

"मी थांबतो."

"लय वेळ लागंल. अवघड गाठ हाय."

तिनं वैशूचा हात धरून तिला टपरीत, लाकडी गळ्याशेजारी बसवलं. साहेब स्कूटर लावून थांबले. मग फुलवाल्या बाया एक-एक करून उठल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही. टोपल्या तशाच टाकून त्या टपरीसमोर येऊन बसल्या, सहाच्या सहा, आणि साहेबांच्या गळ्याकडं बघायला लागल्या. भर दुपार, समोर रिक्षांचा गोंगाट, आणि तेवढ्या जागेत कुणी बोलत नाही, कुणी पापणी हलवत नाही. साहेबांनी कॉलर नीट केली. मग वरचं बटण लावलं. मग स्कूटर चालू करून ते गेले. सून मंडईतून येईपर्यंत बाया तिथंच होत्या.

साहेबांची बायको त्या दिवशी माहेरी गेलेली होती. हे वैशूला माहीत होतं, मला नव्हतं. आधीच्या आठवड्यात त्यानं तिला काय म्हटलं होतं ते तिनं आईला सांगितलं. मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पण त्या संध्याकाळी मला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. आत्यानं साहेबाची गाडी अडवली एवढंच कुणीतरी येऊन सांगितलं. मी तणतणत टपरीवर गेलो. "माझ्या घरच्या पाहुण्याची अब्रू रस्त्यात काढता? तुम्ही कोण?"

तिनं एक मणी माझ्या तळहातावर ठेवला.

"हा कुणी दाबला?"

माझ्या पकडीचे दात मी ओळखतो. मणी घट्ट होता, डोळा आत. मी विचारलं, "डोळा तर मिटलेला होता. मग तुम्हाला कळलं कसं?"

तिनं मागं बघितलं. मीही बघितलं. लाकडी गळ्यावर दोऱ्यांच्या त्या काळ्या वळीत एक डोळा उघडा होता. गाठ उजवीकडची. तो मी वैशूच्या मण्याबरोबर एकाच सळईतून काढलेला मणी होता.

"साडेतीनला उघडला," ती म्हणाली. "तुमच्याकडं किती वाजले व्हते?"

साडेतीनची एसटी आमच्या घरामागून भोंगा वाजवत जाते. मी पक्कड हातात घेतली तेव्हा ती जात होती.

मग तिनं सांगितलं. तिला एक धाकटी बहीण होती, चौदा वर्षांची. सायखेड्याला, नदीकाठच्या मळ्यातून दोघी फुलं घेऊन यायच्या. एका सकाळी वाटेवर ओळखीचा माणूस भेटला, म्हणाला, चल, टोपली मी पोचवतो. बहीण गळ्यातल्या दोऱ्याला पीळ घालत उभी राहिली. मोठ्या माणसासमोर हा काय चाळा, म्हणून आत्यानं तिच्या हातावर चापट मारली. हात खाली आला. बहीण त्याच्याबरोबर गेली. नंतर दोरा तेवढा मिळाला, बाभळीला अडकलेला, पीळ तसाच.

"हात मीच खाली केला तिचा," आत्या म्हणाली. "गळा मला पाठ होता. सुताराला बोटांनी माप दाखवलं, आन् त्यानं हा केला." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुम्हाला काय बोलू मी मिस्तरी? तुमची पोर तं परत आली."

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा साहेबाच्या घरी गेलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यानं महिन्याच्या आत घर सोडलं.

वैशूनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तिनं गळ्यात काहीच घालायचं सोडलं, आणि मी खोलीत आलो की तिचा हात आपोआप गळ्याशी जाई आणि तिथं काही नाही म्हणून खाली येई. अशी चार वर्षं गेली. मग नर्सिंगला बाहेरगावी निघाली तेव्हा पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आबा, मला एक मणी करून द्या." मी लेथ चालू केला. ती म्हणाली, "सैल ठेवा." मी माझ्या आयुष्यात मुद्दाम सैल केलेलं काम तेवढं एकच. तीन दिवस लागले.

पुढं मोबाईल आले. पोरी म्हणायला लागल्या, आत्या, आता मिस कॉल देऊ, दोऱ्याचं काय काम? ती म्हणायची, "फोन पहिला काढून घेतात. दोरा कुणी काढत नाय." तरी हळूहळू दोरे कमी झाले. राहिल्या त्या सायखेड्याच्या थोड्या पोरी. त्यांच्या थोरल्या बहिणींनी आपल्या गळ्यातून काढून त्यांना बांधलेले. मी त्यांचे मणी दुरुस्त करून द्यायचो. पण थांब्यावर उभा राहिलो नाही. आत्या मला वर्षातून एकदा म्हणायची, बघणाऱ्यात या. मी म्हणायचो, बघू. खरं सांगायचं तर मला स्वतःचाच भरवसा नव्हता. ज्याला घरातलं दिसलं नाही त्याला रस्त्यावरचं काय दिसणार?

२००७ च्या थंडीत आत्या गेली. बसल्या जागी, दोरा अंगठ्याला तसाच. फुलवाल्या बायांनी सांगितलं, त्यांना वाटलं गाठ मारतेय, म्हणून कुणी बोललं नाही. संध्याकाळी तिची भाची सायखेड्याहून आली. तिला टपरी नको होती. ती लाकडी गळा चादरीत गुंडाळून माझ्या घरी घेऊन आली. मूल आणावं तसा, दोन्ही हातांवर. म्हणाली, "आत्यानं कवाच सांगून ठेवलं व्हतं. मिस्तरींना द्यायचा."

मी तो पत्र्याच्या खोलीत लेथवर ठेवला. तोंड दाराकडं. दिवा लावून एकेक मणी तपासला. माझं काम आहे, मी तपासणारच. सगळे डोळे मिटलेले होते, सगळे माझ्या हाताला घट्ट लागले. दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली माझ्या उशाखाली होती.

सकाळी कुलूप उघडलं तर एक डोळा उघडा होता.

पितळ उन्हानं फुलतं, थंडीनं आकसतं, हे मला माहीत आहे. एकतीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. त्या सकाळी कडाका होता, पत्र्याला दव आलं होतं. म्हणजे आकसला असेल आणि फिरला असेल. पण मग एकच का? माझा हात सवयीनं पुढं गेला, तो सरळ करायला. बोट मण्याला लागलं. मणी ओला होता.

मी हात मागं घेतला. मणी तसाच ठेवला. गाठ बघितली. डावीकडं होती.

चपला घातल्या, सुनेनं "आबा, चहा?" म्हटलं तरी थांबलो नाही, आणि सायखेड्याची पहिली बस यायच्या आत थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली. दार उघडलं. पोरी उतरायला लागल्या. मी कुणाच्याच तोंडाकडं बघितलं नाही.